गळतंय कुठून?

पुण्यात नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्या काउंटरवर ऑइल सील मागायला आलेला माणूस मिस्त्री आहे की गृहस्थ, हे दुकानदार पहिल्या वाक्यावरून ओळखतो. मिस्त्री म्हणतो, “एट हंड्रेड, बॅक सील, ओरिजिनल.” पैसे टेकवतो, निघतो. गृहस्थ म्हणतात, “त्याचं काय झालं, आमची गाडी अठ्ठ्याण्णवची. पहिल्यापासून एकाच हातात. तसा त्रास काही नाही, पण मागच्या पावसाळ्यापासून...” दुकानदार त्यांना तोडत नाही. तो एकाला ब्रेक शू देतो, दुसऱ्याला क्लच केबल देतो, चहावाल्याला दोन बोटं दाखवतो आणि गृहस्थ श्वास घ्यायला थांबले की विचारतो, “काका, जुना पीस आणलाय का?”

काकांनी आणलेला असतो. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि तो तुकडा काउंटरवर पडताक्षणी दुकानदाराला कळतं, की हा माणूस घरी इंजिन उतरवून आलाय.

कारण बॅक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील, सहजासहजी हाती लागणारी वस्तू नव्हे. बॉनेट उघडून ते दिसत नाही, गाडीखाली आडवं होऊनही दिसत नाही. मारुती ८०० मध्ये तिथवर जायचं तर गिअरबॉक्सचं तेल काढायचं, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढायचे, स्टार्टर सोडवायचा, गिअरबॉक्स उतरवायची, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट काढायची, फ्लायव्हील काढायचं, आणि मग ते बापुडं काळं कडं समोर येतं. वस्तू शे-दोनशे रुपयांची. गॅरेजच्या बिलात तिची किंमत तळाशी कुठंतरी असते, वरचे सगळे आकडे तिथवर जाण्यायेण्याचे. काही माणसं मात्र या जाण्यायेण्याच्याच प्रेमात पडतात. ती फावल्या वेळात गाणं शिकू शकली असती, बागकाम करू शकली असती. पण त्यांनी पान्यांचा सेट घेतला.

ऑइल सील म्हणजे नेमकं काय, हे काकांना विचारू नये. विचारलं तर ते सांगतात. बाहेरून पत्र्याचं कडं, आतून रबराची लिप, आणि लिपच्या पाठीवर गोल बसलेली बारीक स्प्रिंग, जी लिपला दांड्यावर दाबून धरते. इतकंच. पण हे इतकंच प्रकरण काय सोसतं, ते पाहण्यासारखं आहे. ८० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेत असला, तर त्याचा पृष्ठभाग लिपखालून ताशी ४५ किलोमीटर वेगानं घसरत असतो. लक्ष्मी रस्त्यावर खुद्द गाडीच्या नशिबी हा वेग कधी येत नाही. शिवाय लिप दांड्याला कोरडी घासत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो नसेल तर लिप जळून जाईल. थोडक्यात, तेल अडवण्यासाठी बसवलेल्या वस्तूला जगायला तेलच लागतं. लिपचे दोन उतारही सारखे नसतात. तेलाच्या बाजूचा तीव्र, हवेच्या बाजूचा पसरट. त्यामुळे फिरणारा दांडा बाहेर निसटू पाहणारं तेल पुन्हा आत ढकलतो. याचा दुसरा अर्थ असा, की उलटं बसवलेलं सील नुसतं निरुपयोगी नसतं, ते तेल बाहेर काढायला मनापासून मदत करतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, हा या शास्त्रातला पहिला धडा. घरगुती कारागिरांपैकी बरेच जण तो दुसऱ्या खेपेला शिकतात.

या सीलचा पूर्वज चामड्याचा होता. जर्मनीत वाइनहाइम नावाच्या गावी फ्रॉइडेनबर्ग ही कातडी कमावणारी कंपनी १८४९ पासून होती. १९२९ च्या मंदीत कातड्याचा धंदा बसला, तेव्हा तिनं मोटारींसाठी चामड्याची सीलं करायला घेतली. तिथल्या वाल्टर सिमर नावाच्या अभियंत्यानं १९३२ मध्ये पत्र्याच्या कड्यात चामडं आणि स्प्रिंग बसवलेलं सील तयार केलं, आणि १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. जर्मन मिस्त्री आजही कुठल्याही कंपनीच्या ऑइल सीलला सिमरचंच नाव लावतो. आपल्याकडे ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना यातलं तत्त्व जर्मनीत न जाता ठाऊक आहे. पंपातलं चामडी वॉशर वाळलं की कितीही दांडा हलवा, हवा भरत नसे. आजी ते बाहेर काढून त्याला गोडंतेल चोळायची, कडा बोटानं फाकवायची, की स्टोव्ह पुन्हा भरभरायला लागायचा. नवं रबरी सील बसवण्याआधी लिपला तेलाचं बोट फिरवायचं असतं, ते याच नात्यानं. मात्र अलीकडच्या काही इंजिनांत टेफ्लॉनची सीलं येतात आणि ती कोरडीच बसवायची असतात. तिथं आजीचं ऐकलं तर गळतं.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची ऑइल सीलशी पहिली ओळख मोटारीमुळे झाली नाही, स्कूटरमुळे झाली. १९७२ मध्ये आलेला बजाज चेतक टू-स्ट्रोक होता, आणि टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तिच्यातूनच वर जातं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की इंजिन बाहेरची फुकट हवा ओढतं आणि आपोआप रेस होतं. क्लचच्या बाजूचं गेलं की ते गिअरचं तेल ओढतं आणि जाळतं. मग सकाळी साडेनऊला ऑफिसला निघालेल्या गृहस्थांच्या मागं अख्खी गल्ली धुरात बुडायची. मोटारीचं सील गेलं तर तेल बाहेर येतं, स्कूटरचं गेलं तर आत जातं. असल्या धुरात वाढलेल्या पोरांतलीच काही आज घरी इंजिन उतरवणारे काका झाली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. सील बदलायचं ठरवण्याआधी तेल कुठून गळतंय हे कळायला हवं, आणि खरी मौज तिथं आहे.

तेल प्रामाणिक नाही. ते वर एका ठिकाणी निसटतं, कास्टिंगच्या कडेकडेनं चालत जातं, वाऱ्यानं मागं ढकललं जातं, आणि कुठल्यातरी भलत्याच नटाच्या टोकाला लटकून थेंब टाकतं. खाली उभा असलेला माणूस नटाला दोष देतो. मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला बसतो. त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल सरळ खाली उतरतं आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथं जोडलेत त्या सांध्यातून टपकतं. अगदी तिथूनच, जिथून बॅक सील गेल्यावर टपकतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी वाट तीच. यावर उपाय सोपा आहे. इंजिन घासून धुवावं, कोरडं करावं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारावी, पंधरा मिनिटं गाडी चालवावी आणि पावडरीत ओली रेघ कुठून सुरू होते ते पाहावं. परदेशात तेलात चमकणारा रंग घालून जांभळ्या दिव्यानं शोधतात. आपल्याकडे काकूंचा पावडरचा डबा पुरतो, आणि तो कुठं गेला याची चौकशी वेगळी होते.

पण पार्किंगमध्ये इंजिन उघडलं, की पावडरपेक्षा माणसं लवकर जमतात. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर (सिव्हिल) म्हणतात, हेड गॅस्केट. इस्त्रीवाला म्हणतो, ऑइल चेंबर फुटलाय. वॉचमन काही म्हणत नाही, पण त्याच्या गावाकडच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं आणि तो ट्रॅक्टर नंतर विकावा लागला. सोसायटीचे सेक्रेटरी गळतीच्या उगमाबद्दल उदासीन असतात. त्यांचा विषय फरशी.

हिशेब केला तर गळती ही फार क्षुल्लक गोष्ट निघते. एका थेंबाला साधारण एक विसांश मिलिलिटर धरा. दर दहा मिनिटांनी एक थेंब पडला तर दिवसाला १४४ थेंब, म्हणजे सात मिलिलिटरच्या आसपास. वर्षभरात अडीच लिटरच्या थोडं वर. नाक्यावरचा मिस्त्री कागद-पेन्सिल न घेता हेच सांगतो: “काका, ऑइल बघून टाकत चला. कशाला खोलायचं?” तेल क्लच प्लेटवर गेलं, क्लच सरकायला लागला किंवा गाडी उचलताना थरथरायला लागली, तर खोलणं आलं. पुढच्या सीलचं तेल टायमिंग बेल्टवर जात असेल, तरी खोलणं आलं, कारण तेल प्यायलेला बेल्ट फार दिवस साथ देत नाही. एरवी मिस्त्रीचं म्हणणं पूर्ण व्यवहार्य आहे, आणि नेमकं म्हणूनच काकांना ते मान्य नसतं.

गिअरबॉक्स उतरते. फ्लायव्हील निघतं. बॅटरीच्या प्रकाशात काका आत डोकावतात. सीलच्या भोवतालची जागा कोरडी ठक्क. तेल वरूनच येत होतं, ओ-रिंगमधून.

इथं समंजस माणसानं ओ-रिंग बदलून सगळं परत जोडावं. पण इथंच तोंडातून ते वाक्य निघतं, ज्यानं आजवर निम्मी घरगुती इंजिनकामं सुरू झाली असतील: “आता उघडलंच आहे तर...” आता उघडलंच आहे तर बॅक सील घालून टाकू. बॅक सील घालतोय तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग कशाला जुनं ठेवायचं? मागचं केलं तर पुढचं क्रँक सील आणि कॅमशाफ्टचं सील, आणि तिथवर गेलोच तर टायमिंग बेल्ट. बेल्ट काढलाय तर हेड उतरवायला कितीसा वेळ. हेड उतरलं की सिलेंडरच्या वरच्या कडेला बोट लावून पाहायचा मोह होतो, बोटाला पायरी लागते, आणि त्याच संध्याकाळी काका बोअरिंगवाल्याकडे पाव मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टनची चौकशी करत असतात. दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगनं माणसाला फुल इंजिनपर्यंत आणलेलं असतं.

या सगळ्या काळात स्वयंपाकघराचं काय होतं, हा स्वतंत्र विषय आहे. इडलीपात्राच्या खळग्यांत टायमिंग कव्हरचे बोल्ट जसे निघाले त्या क्रमानं मांडलेले असतात, आणि हे खरोखरच उत्तम आहे, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि लांब बोल्ट आखूड भोकात पिळला तर ॲल्युमिनियमचं कास्टिंग तडकतं. हा युक्तिवाद काकूंपुढे करून काका एकदा जिंकतात. परात तेल काढायला नेल्यावर मात्र युक्तिवाद चालत नाही. काढलेलं काळं तेल कॅनमध्ये भरून ठेवतात, गावच्या घरी चौकटींना वाळवी लागलीय म्हणून. सरकारी नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवा, हे वाळवीला माहीत नसतं. काकांना असतं.

जुनं सील काढणं ही हिंसा आहे आणि नवं बसवणं ही पूजा. काढताना पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू पिळतात आणि पक्कडीनं ओढतात. ड्रिल जरा तिरकं गेलं तर दांड्यावर ओरखडा येतो, आणि ओरखडा म्हणजे नव्या गळतीची पायवाट. बसवताना दांड्याच्या टोकाची धार लिपला कापू नये म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक कापून त्याची नळी करायची आणि तिच्यावरून सील सरकवायचं. की-वेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. सील सारखं आत जावं म्हणून त्याच्या मापाचा पीव्हीसी पाइपाचा कपलर वर ठेवून चहूकडून हलकेच ठोकायचं. एका बाजूनं जोरात ठोकलं तर आतली स्प्रिंग टुणकन सुटते. ती दिसत नाही, आवाजही बेताचा होतो. सगळं इंजिन जोडून गाडी सुरू केल्यावर ती आपण नसल्याचं कळवते.

नवं सीलही कधी कधी पहिल्याच दिवशी गळतं, आणि त्याचं कारण जुन्या दांड्यात असतं. मऊ रबर कडक पोलादाला झिजवतं, हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही. पण लिपखाली अडकलेली बारीक धूळ घासकागदाचं काम करते आणि वर्षानुवर्षांनी दांड्यावर एक गोल चर पडते. नखाला लागते. नवी लिप त्याच चरीत बसली तर काही फायदा नाही. मग एक तर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवायची, तिची जाडी पाव मिलिमीटरच्या जरा वर असते, किंवा मिस्त्रीचा मार्ग: सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवायचं, म्हणजे लिपला कोरी जागा मिळते. पुस्तकात पहिला उपाय आहे. गॅरेजात दुसरा.

आणि एवढं करूनही महिन्याभरात गळायला लागलं, तर गुन्हेगार बहुतेक ब्रीदरची नळी असते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो या नळीतून बाहेर पडायला हवा. नळी चिकट गाळानं तुंबली तर आत दाब वाढतो आणि तेल सगळ्यात दुबळ्या जागेवरून वाट काढतं. ऑइल सील दाब अडवायला केलेलंच नसतं. तरी शिव्या त्यालाच.

व्हॉल्व्ह सीलांची जात निराळी. ती व्हॉल्व्हच्या दांड्यावर टोपीसारखी बसतात आणि गेली, की रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या किल्लीला निळा धूर सोडते. ही सीलं हेड न उतरवता बदलायची एक जुनी युक्ती आहे. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून सिलेंडरमध्ये दोरी भरायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि पिस्टन हातानं वर आणायचा. दोरीचा गोळा व्हॉल्व्हना खालून दाबून धरतो, मग वरची स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. दोरी स्वच्छ, मऊ आणि धागे न सुटणारी हवी. घरात या वर्णनाला पुरी पडणारी एकच वस्तू मिळते, ती म्हणजे पायजम्याची नवी नाडी. सहा व्हॉल्व्हच्या इंजिनात एकच नाडी तीनदा वापरता येते. नंतर ती पायजम्यात ओवता येत नाही.

ज्यांना एवढा उपद्व्याप नको त्यांनी अँबॅसिडर घ्यावी असं कुणी सुचवेल. तिच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात बॅक सील बदलायची भानगडच नाही, कारण बॅक सीलच नाही. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून ही गाडी घेतली आणि पुढं इंग्रजांचं बी-सिरीज इंजिनही घेतलं. त्या तीन बेअरिंगच्या रचनेत क्रँकच्या मागच्या टोकावर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. दांडा फिरला की आटे तेल आत ओढतात. दांडा थांबला की कुणीच ओढत नाही. गाडी चढावर नाक वर करून लावली, तर सकाळी खाली डबकं सापडायचं, आणि ते कारखान्याच्या लेखी तक्रारीत मोडायचं नाही. मे २०१४ मध्ये अँबॅसिडरचं उत्पादन थांबेपर्यंत किती नवशिक्या मालकांनी दुकानात जाऊन तिच्या बॅक सीलची मागणी केली असेल, कोण जाणे. मागणाऱ्याला दुकानदार गाडीचं साल विचारायचा आणि मग आदरानं बसायला स्टूल द्यायचा.

काकांची मारुती अखेर जोडून होते. इडलीपात्रात एक बोल्ट उरतो. तो कुठला, हे आठवेपर्यंत ते गाडी सुरू करत नाहीत, आणि हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. बोल्टची जागा सापडते, इंजिन पहिल्या किल्लीला लागतं, काकू गॅलरीतून पाहतात, सेक्रेटरीही पाहतात. तीन-चार दिवस फरशी कोरडी. मग शुक्रवारी पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतं. काका बोट लावतात, वास घेतात. इंजिनाचं तेल असं उग्र, गंधकासारखं घाण वास मारत नाही. हे गिअर ऑइल आहे. ते नाक्यावर जातात.

मिस्त्री स्कूटरचा प्लग साफ करत असतो. वर न बघता विचारतो, “गिअरबॉक्स उतरवताना ड्राइव्ह शाफ्ट काढले ना?”

“काढावेच लागतात.”

“शाफ्टची सीलं बदलली?”

“ती चांगली होती.”

“चांगली होती काका. शाफ्ट ओढेपर्यंत.”

काका घरी येतात. रविवारला दोन दिवस असतात. ते जॅक बाहेर काढतात, डाव्या चाकाचे नट तेवढे सैल करून ठेवतात, आणि मुलगी संध्याकाळी न विचारता गाडी नेईल म्हणून काचेवर कागद चिकटवतात: ‘गाडी हलवू नये. काम चालू आहे.’ मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहितात: ‘इडलीपात्रही.’